डी क्लासचा आवाज: बदनामी आणि वस्तुस्थिती

हाय-फायच्या शौकिनांत 'डी क्लास' अ‍ॅम्प्लिफायरचे नाव अजूनही नाक मुरडूनच घेतले जाते. ब्लूटूथ स्पीकर, टीव्ही, गाडीतला सबवूफर इथवर ठीक. पण निगुतीने गाणे ऐकायचे तर अ‍ॅम्प एबी क्लासचाच हवा, असा दंडक आहे. त्याला एके काळी आधार होता, कारण सुरुवातीचे डी क्लास अ‍ॅम्प खरोखर वाईट वाजत. मात्र तो वाईटपणा तत्त्वात नव्हता, काही ठरावीक त्रुटींतून आला होता. त्या एकेक करून दूर झाल्यावरही दंडक कायम राहिला, म्हणून हा हिशेब पुन्हा मांडायला हवा.

एबी क्लासमध्ये ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहून स्पीकरला लागेल तेवढीच वीज पुढे सोडतात आणि उरलेली स्वतःच उष्णतेच्या रूपाने जाळतात. पंख्याचा जुना रेग्युलेटर तापतो त्याच कारणाने. अशा रचनेची सैद्धांतिक कार्यक्षमता फार तर 78.5 टक्के, तीही पूर्ण ताकदीवर. ताकदीच्या एक अष्टमांशावर ती 28 टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि गाणे बहुतेक वेळ याहूनही खालीच वाजत असते. डी क्लासमध्ये संगीताचा सिग्नल सेकंदाला काही लाख वेळा चढउतार करणाऱ्या त्रिकोणी लहरीशी ताडला जातो. सिग्नल लहरीच्या वर असेल तोवर वरचा मॉस्फेट (स्विचसारखा वापरलेला ट्रान्झिस्टर) चालू, खाली गेला की खालचा. बाहेर पडतात त्या एकाच उंचीच्या पण कमी-अधिक रुंदीच्या चौकोनी पल्स. कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर त्यांची सरासरी काढतो, आणि ही सरासरी म्हणजेच मूळ संगीत. मॉस्फेट एक तर पूर्ण उघडा नाही तर पूर्ण बंद, त्यामुळे तो फारसा तापत नाही आणि कार्यक्षमता 90 टक्क्यांवर जाते. विसर्जन मिरवणुकीत जनरेटरवर चालणाऱ्या सिस्टिमला तर ही बचत थेट डिझेलमध्ये दिसते.

कागदावर सोपी वाटणारी ही युक्ती प्रत्यक्षात वेळेच्या काटेकोरपणावर अडते. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी 1964 मध्ये एक्स-10 हा डी क्लासचा किट बाजारात आणला, तेव्हाच्या ट्रान्झिस्टरना एवढ्या वेगाने चालू-बंद होणे झेपत नव्हते. पुढे वेगवान मॉस्फेट आले, तरी एक पेच उरला. वरचा आणि खालचा मॉस्फेट एकाच वेळी चालू राहिले तर पुरवठा शॉर्ट होईल, म्हणून मध्ये दोन्ही बंद ठेवणारी अगदी छोटी फट सोडावी लागते. 400 किलोहर्ट्झला एक चक्र 2.5 मायक्रोसेकंदांचे, त्यात 25 नॅनोसेकंदांची फट म्हणजे चक्राचा 1 टक्का. आवाज पल्सच्या रुंदीतच साठवलेला असल्यामुळे एवढी चूकही डिस्टॉर्शन म्हणून बाहेर येते. त्यातच पल्सची उंची पुरवठ्याच्या व्होल्टेजवर ठरते, त्यामुळे तिथली डळमळसुद्धा आवाजात उतरते.

सर्वात मोठी गोम मात्र फिल्टरमध्ये होती. 8 ओहमच्या स्पीकरसाठी जुळवलेला, 30 किलोहर्ट्झला कापणारा साधा फिल्टर घ्या. 8 ओहमवर 20 किलोहर्ट्झला घट 1 डेसिबलहूनही कमी. तिथेच 4 ओहमचा भार लावला तर घट जवळपास 6 डेसिबल होते आणि 10 किलोहर्ट्झलाही 2 डेसिबलहून जास्त आवाज हरवतो. उलट 16 ओहमवर 20 किलोहर्ट्झला सुमारे पावणेतीन डेसिबलची वाढ दिसते. खऱ्या स्पीकरचा ओहम तर स्वरागणिक बदलतो. म्हणजे एकच अ‍ॅम्प एका स्पीकरवर मंद, दुसऱ्यावर कर्कश वाजणार. 'डी क्लास कोरडा वाटतो' किंवा 'त्यात हवा नाही' असे म्हणणाऱ्यांच्या कानांनी बरोबरच टिपले होते. फक्त दोष भलत्याच ठिकाणी टाकला गेला.

यावरचा उपाय म्हणजे फीडबॅक, म्हणजे चूक सुधारण्यासाठी आउटपुटमधून मागे आणलेला सिग्नल, फिल्टरच्या अलीकडून न घेता थेट स्पीकरच्या टर्मिनलवरून घेणे. अडचण अशी की फिल्टरमुळे सिग्नल मागे पडतो आणि अ‍ॅम्प स्वतःच आंदोलने घेऊ लागतो. फिलिप्समध्ये ब्रुनो पुट्झेस यांनी यूसीडी रचनेत या आंदोलनालाच स्विचिंगची लय करून टाकले. वेगळी त्रिकोणी लहर लागेना, आणि फिल्टर व मॉस्फेट दोघांच्याही चुका एकाच फीडबॅकच्या कक्षेत आल्या. हायपेक्स कंपनीचे एनकोर आणि नंतर प्युरिफाय कंपनीची मॉड्यूल याच वाटेने पुढे गेली. त्यांच्यात भार बदलला तरी उंच स्वरांचा समतोल जवळजवळ हलत नाही, आणि डिस्टॉर्शन चांगल्या एबी क्लासच्या बरोबरीला किंवा त्याहून खाली येते.

यावर पहिला आक्षेप येतो तो मोजमापांवर: यंत्राला दिसते ते कानाला कळेलच असे नाही. हे मान्य, पण मग निवाडा कानानेच करावा, आणि नीट करावा. दोन्ही अ‍ॅम्पची पातळी मीटरने सारखी करून, कोणता वाजतोय हे न सांगता ऐकवावे, कारण अर्ध्या डेसिबलने मोठा वाजणारा अ‍ॅम्प सहज 'अधिक भरदार' वाटून जातो. दुसरा आक्षेप आउटपुटमध्ये उरणाऱ्या स्विचिंगच्या अवशेषाचा. तो असतोच, पण ऐकू येण्याची मर्यादा 20 किलोहर्ट्झ, आणि हा अवशेष तिच्या कितीतरी पटींनी वर. त्याचा त्रास झालाच तर जवळच्या रेडिओला होतो. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: हे अ‍ॅम्प बिघडले की एखादा ट्रान्झिस्टर बदलून भागत नाही, अनेकदा अख्खे मॉड्यूल टाकावे लागते. दुरुस्तीच्या बाबतीत जुना एबी क्लास आजही उजवा ठरतो. पण हा मुद्दा टिकाऊपणाचा आहे, आवाजाचा नाही.

तेव्हा विकत घेताना क्लासचे अक्षर पाहून निवड करण्यात अर्थ नाही. फिल्टरनंतर फीडबॅक न घेणारे स्वस्त बोर्ड आजही ढीगभर मिळतात, आणि त्यांच्याबद्दलची तक्रार आजही खरी आहे. 4 आणि 8 ओहमवरचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स शेजारी-शेजारी मागून घ्यावा. दोन्ही रेषा 20 किलोहर्ट्झपर्यंत एकमेकींवर बसत असतील, तर डी क्लासवरचा सर्वात जुना आरोप निदान त्या अ‍ॅम्पला तरी लागू होत नाही.