हार्ड डिस्कच्या सर्किट बोर्डातील विद्युत बिघाडाचे निदान

प्रस्तावना :
अंतर्गत गुणांच्या नोंदी, संशोधनाची आकडेवारी व मूल्यांकनाचे अहवाल महाविद्यालयांत हार्ड डिस्कवर साठविले जातात. पुणे शहरात एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसासोबत विजांचा कडकडाट होतो. वीजपुरवठा खंडित होऊन पूर्ववत होताना विद्युतदाब क्षणभर वाढू शकतो आणि एखादी डिस्क एकाएकी बंद पडते. ‘डिस्क जळाली, माहिती गेली’ असा निष्कर्ष अशा वेळी लगेच काढला जातो. हा निष्कर्ष पुष्कळदा घाईचा ठरतो. प्रस्तुत लेखात अशा बिघाडाच्या निदानाचा क्रम स्पष्ट केला आहे.

डिस्कची रचना :
माहिती बंद पेटीतील तबकड्यांवर चुंबकीय स्वरूपात असते. पेटीबाहेरील सर्किट बोर्ड मोटर फिरवितो व संकेतांची देवाणघेवाण करतो. त्यामुळे बोर्ड जळाला तरी तबकडीवरील नोंदी पुसल्या जात नाहीत. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान नष्ट होऊन कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्या यानाच्या अवशेषांत सापडलेल्या एका जळक्या हार्ड डिस्कमधून एका प्रयोगाची बहुतांश माहिती तज्ज्ञांनी परत मिळविली व त्यावरील शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

बिघाडाची कारणे :
३.५ इंची डिस्कला १२ व ५ व्होल्ट, तर २.५ इंची डिस्कला सामान्यतः फक्त ५ व्होल्ट लागतात. १२ व्होल्टच्या बाह्य डिस्कला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर जोडला जाणे, हे बिघाडाचे एक नेहमीचे कारण होय. अनेक बोर्डांवर विजेच्या प्रवेशमार्गालगत टीव्हीएस डायोड असतात. दाब मर्यादेबाहेर गेल्यास ते जादा वीज भूमार्गाकडे वळवितात. आघात फार मोठा असल्यास ते कायमचे शॉर्ट होतात. स्वतः निकामी होऊन ते पुढील चिप वाचवितात.

निदानाचा क्रम :
१) वीज बंद करून बोर्डाचे निरीक्षण करावे. जळकट वास, काळा डाग किंवा फुटलेली चिप ही प्राथमिक लक्षणे आहेत. एसएमपीएसचा दाब मल्टिमीटरने मोजावा. चाचणीसाठी दुसरी चांगली डिस्क त्याला जोडू नये.
२) बोर्ड वेगळा करून ५ व १२ व्होल्टच्या मार्गांचा भूमार्गाशी असलेला रोध मोजावा. तो शून्याजवळ असल्यास तो मार्ग शॉर्ट आहे. संशयित डायोड काढल्यावर शॉर्ट नाहीसा झाल्यास दोष डायोडचा. कायम राहिल्यास मोटर नियंत्रक चिपचा संशय घ्यावा.
३) शॉर्ट नसूनही डिस्क निःशब्द असल्यास फ्यूज तुटला आहे का, तसेच बोर्ड व पेटी यांमधील संपर्कबिंदू काळवंडले आहेत का, हे पाहावे.
४) मोटर फिरते पण टक्‌-टक्‌ आवाज येतो, अशा वेळी दोष पेटीतील वाचनशीर्षात किंवा त्यालगतच्या प्रवर्धकात असू शकतो. डिस्क तत्काळ बंद करावी. पेटी केवळ धूळमुक्त कक्षातच उघडावी.

डायोड काढल्यावर सुरू झालेली डिस्क संरक्षणहीन असते. पुरवठ्याचा दाब योग्य असल्याची खात्री करून माहिती उतरवून घ्यावी व ती डिस्क वापरातून काढावी.

बोर्ड बदलण्यातील धोका :
बुधवार पेठेतील तपकीर गल्लीसारख्या बाजारात इलेक्ट्रॉनिक सुटे भाग मिळतात. त्यामुळे त्याच मॉडेलचा बोर्ड आणून बसविण्याचा मोह होतो. तथापि आधुनिक डिस्कमध्ये प्रत्येक डिस्कची स्वतंत्र जुळणी-मूल्ये बोर्डावरील रॉममध्ये असतात. हा मजकूर नव्या बोर्डावर नेल्याविना डिस्क बहुधा चालत नाही. काही बाह्य डिस्कमध्ये सांकेतिकीकरणही बोर्डावर अवलंबून असते. म्हणून जळका बोर्ड कधीही फेकून देऊ नये.

समारोप :
बंद पडलेल्या डिस्कला पुनःपुन्हा वीज देणे हे निदान नव्हे. त्याने दुरुस्तीयोग्य दोष असाध्य होऊ शकतो. प्रथम निरीक्षण, नंतर मापन व शेवटी दुरुस्ती हा क्रम पाळावा. प्रत्येक अ‍ॅडाप्टरवर संबंधित उपकरणाचे नाव लिहावे, अर्थिंग तपासून घ्यावे आणि महत्त्वाच्या नोंदींची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. दुरुस्ती ही यशस्वी होईलच असे नाही. दुसरी प्रत मात्र महाविद्यालयाच्या हाती असते.