गवत्या माशाच्या प्रथिनाचे स्फटिक

चीनमधील तळ्यांत मोठ्या प्रमाणावर पाळला जाणारा गवत्या, अर्थात ग्रास कार्प, विषाणूजन्य रक्तस्रावी रोगाला बळी पडतो. संसर्ग झालेली पेशी विषाणूचे तुकडे पृष्ठभागावर मांडून संरक्षक पेशींना इशारा देते. या मांडणीला आधार देणाऱ्या बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या प्रथिनाची रचना चिनी शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये उलगडली. एकट्या रेणूने विखुरलेले क्ष-किरण फारच क्षीण असतात. स्फटिकात असंख्य रेणू एका शिस्तीत उभे राहतात, म्हणून ते टिपता येतात. मात्र स्फटिक मिळणे हेच खरे चिकाटीचे काम. शुद्ध प्रथिनाच्या थेंबातले द्रावण किंचित बिघडले, तरी हाती नुसता गाळ येतो. माणूस व गवत्या यांचे पूर्वज ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरीही या प्रथिनाची मूळ घडण दोघांत सारखीच आढळली.