गीरच्या सिंहाचे दुसरे घर

सटाण्याशेजारच्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचा गोपाळ गायकवाड हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक जाऊन सयाजीराव महाराज झाला, ही हकीकत आमच्या बागलाणात सर्वश्रुत आहे. परंतु त्या गादीबरोबर काठेवाडातील अमरेली प्रांत आणि त्यातील धारी महालाकडचे गीरचे अरण्य, तेथील सिंहांसह, त्याच्या अंमलाखाली आले, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

पूर्वी पलामूपर्यंत संचार असलेल्या या वनराजाची दक्षिण सीमा नर्मदा मानली जाते, म्हणून आमच्या डोंगरांना वाघ-बिबळ्यांचा परिचय आहे, सिंहाचा नाही. बंदुका वाढल्या, माळराने नांगराखाली आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो हिंदुस्थानात गीरपुरताच उरला; १९१३च्या सुमारास जुनागढच्या वनाधिकाऱ्याने त्याची संख्या अवघी वीस सांगितली, ती हेतुतः कमी धरली असली तरी अवस्था कठीणच होती. नबाबांनी शिकारीस घातलेला निर्बंध आणि १९६५ साली झालेले अभयारण्य यांनी तो तगला, इतका की २०२५च्या मोजदादीत ८९१ सिंह भरले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक संरक्षित वनाच्या हद्दीबाहेर, अमरेली-भावनगरच्या शेतशिवारांत व नदीकाठच्या झाडोऱ्यांत आढळले. तेथील रयतेने हे सान्निध्य मोठ्या सहनशीलतेने पत्करले आहे. बिनकठड्याच्या विहिरीत सिंह पडून दगावतो म्हणून हजारो विहिरींना कठडे बांधण्यात आले; रात्री विहिरीत पडलेला बिबट्या ज्यांनी पाहिला आहे, त्या नाशिककडील शेतकऱ्यांना या कामाचे मोल वेगळे सांगावयास नको.

तरीही ही सारी संपत्ती एकाच ठिकाणी साठलेली आहे, हे मला अत्यंत धोक्याचे वाटते. २०१८ साली त्याच धारीकडील दलखाणिया परिक्षेत्रात अल्पावधीत २३ सिंह मेले, आणि काहींत श्वानांच्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू आढळला. त्याच रोगाने १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीत सुमारे एक हजार सिंहांचा बळी घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१३ रोजी मध्य प्रदेशातील कुनो येथे काही सिंह नेण्याचा हुकूम दिला, पण त्याची अंमलबजावणी झाली नाही, आणि २०२२ साली त्या वनात नामिबियाचे चित्ते उतरले. गुजरातने पोरबंदरजवळच्या बर्डा अभयारण्याची तयारी केली आहे, आणि तेथे सिंह स्वतःच्या पायांनी पोहोचलाही. परंतु बर्डा हे सौराष्ट्रातच असल्याने गीरमधील साथ तेथवर जाणार नाही, याची हमी कोणी द्यावी? दुसरे घर दूर हवे, आणि सिंहासाठीच कुनोतील २४ गावांनी आपली घरेदारे व शेती सोडली होती, हेही निर्णय करणाऱ्यांनी हिशेबात धरले पाहिजे.