धुके, धूळ आणि तारा टांगणाऱ्या तबकड्या

हिवाळ्यात पहाटे देवगाव फाट्यावर एस. टी. ची वाट पाहत उभे राहावे आणि धुके पडलेले असावे, म्हणजे विजेच्या खांबावरून बारीक चरचर ऐकू येते. कधी तेवढ्यातच लाइन जाते आणि रात्रपाळीत गव्हाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याचा पंप थांबतो. वादळ नाही, पाऊस नाही. मग वीज गेली कशाने?

विद्यार्थिमित्रहो, खांबांवरील व मनोऱ्यांवरील तारा बहुधा उघड्याच असतात. भोवतालची हवा हाच त्यांचा मुख्य निरोधक. एक सेंटिमीटर कोरड्या हवेतून ठिणगी पडण्यास सुमारे ३०,००० व्होल्ट लागतात. पण तार अधांतरी राहत नाही. ती जेथे टांगली जाते, तेथे हवेचे काम एखाद्या घन पदार्थाला करावे लागते. शंभराहून अधिक वर्षे हे काम प्रामुख्याने चिनी मातीच्या झिलईदार तबकड्या करीत आल्या आहेत.

एक गणित करून पाहा. १३२ किलोव्होल्ट हा दोन तारांमधील दाब होय. तार व जमीन यांमधील दाब त्याला √३ ने भागून येतो, म्हणजे सुमारे ७६ किलोव्होल्ट. एक तबकडी ११ किलोव्होल्ट सोसते असे धरले, तर सात पुरतात. प्रत्यक्षात मनोऱ्यावर नऊ-दहा दिसतील. कारण दाब सर्वांत सारखा वाटला जात नाही, तारेलगतच्या तबकडीवर तो सर्वांत जास्त पडतो. शिवाय आकाशातील विजेचे तडाखे आहेतच.

खरी दुखणी मात्र पृष्ठभागावर असतात. तबकडीवर धूळ, धूर, खतांचे कण साचतात. कोरडे असताना ते निरुपद्रवी असतात. दव पडले की त्यांतील क्षार विरघळतात आणि ओल्या थरातून प्रवाह गळू लागतो. त्या उष्णतेने थराचे काही पट्टे सुकतात. आता जवळजवळ सर्व दाब या अरुंद कोरड्या पट्ट्यांवर येतो व तेथे ठिणग्या उडतात. तीच ती चरचर! ठिणग्या जुळून तारेपासून लोखंडापर्यंत कमान झाली, की उपकेंद्रात लाइन ट्रिप होते. मुसळधार पाऊस तबकड्या धुऊन काढतो. वैरी आहेत ते धुके आणि रिमझिम.

यावर उपाय म्हणजे सिलिकोन रबर. काचतंतूंच्या दांड्यावर या रबराच्या चकत्या बसवितात. अळूच्या पानाप्रमाणे त्यावर पाण्याचे सुटे थेंब होतात, सलग थर होत नाही. अळूलाही न साधणारी गोष्ट पुढेच आहे: रबरातील तेलकट रेणू साचलेल्या धुळीत मुरतात आणि धूळसुद्धा पाणी धरीनाशी होते. उत्तर भारतात दाट धुक्यात ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या वारंवार ट्रिप होत. तेथे पॉवरग्रिडने चिनी मातीच्या जागी असे निरोधक बसविले. वजनालाही ते पुष्कळच हलके असतात.

तथापि लाइनमनला विचाराल, तर कडक केलेल्या काचेची तबकडी काही बाबतींत सोयीची. बिघडली की तिचा चुरा होतो आणि मोकळी जागा जमिनीवरूनच दिसते. तार मात्र खाली पडत नाही. चिनी मातीतील तडा लपून राहतो. रबराचे आवरण फाटून आत ओल शिरली, तर दांडा आतून कुजत जाऊन एके दिवशी तुटतो. ऑस्ट्रेलियात काकाकुवा हे आवरण चोचीने कुरतडतात. अशी इजा खालून उभे राहून सहसा दिसत नाही. जवळून पाहावे लागते.