मंदीत कात्री कुठे चालवावी?

बाजार उतरला की आपल्या कारखानदार बांधवांचा पहिला हात कारीगरावर जातो. भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, कोऱ्या कापडाचा भाव मीटरमागे रुपया-दीड रुपयाने पडला की रात्री हिशेब होतो आणि सकाळी मिस्त्रीला घरी बसवले जाते. तेल, पिकर, पट्टे यांची खरेदी पुढच्या महिन्यावर ढकलली जाते. त्याच महिन्यात घरातल्या लग्नाचा मंडप मात्र ठरल्याप्रमाणेच उभा राहतो.

आमच्या उर्दू शाळेत ‘किफायत’ आणि ‘बुख्ल’ हे दोन शब्द निरनिराळे शिकवले जात. पहिला म्हणजे मोजून-मापून खर्च, दुसरा म्हणजे जिथे द्यायला हवे तिथेही हात आखडणे. मंदीच्या दिवसांत आपल्याकडे बहुधा दुसरे चालते आणि नाव पहिल्याचे दिले जाते. कोऱ्या कापडाची खरेदी-विक्री हा माझा धंदा. त्यामुळे कुणी कशावर कात्री चालवली हे मला त्याच्या ताग्यावरून दिसते, त्याने सांगावे लागत नाही.

हिशेब आकड्यांनीच करू. समजा २४ साधे माग आहेत, १२ तासांच्या दोन पाळ्या आहेत. माग मिनिटाला १३० पिक मारतो आणि कापड इंचाला ५२ पिकचे आहे. माग एक क्षणही न थांबता चालला तर पाळीत ४५ मीटरच्या वर कापड उतरेल. तसे कधीच होत नाही. धागा तुटतो, कांडी संपते, धोटा अडकतो. नीट राखलेला माग ८० टक्के चालला तर पाळीला साडेछत्तीस मीटर मिळतात. मिस्त्री काढला, झिजलेला पिकर तसाच ठेवला आणि माग ६५ टक्क्यांवर आला, तर ३० मीटरही पुरे होत नाहीत. फरक जवळपास सात मीटरचा. जॉबची मजुरी पिकला ८ पैसे धरली तर मीटरला ४ रुपये १६ पैसे होतात, म्हणजे एका मागावर एका पाळीत सुमारे साडेअठ्ठावीस रुपये गेले. रक्कम क्षुल्लक वाटते. पण २४ माग, दोन पाळ्या आणि महिन्याचे २५ दिवस असा गुणाकार केला की चौतीस हजारांच्या घरात आकडा जातो. मिस्त्रीच्या पगारात आणि सुट्या भागांत किती वाचले ते ज्याने-त्याने आपल्या वहीत पाहावे आणि या आकड्याशेजारी मांडावे.

यात कापडाची खोट धरलेलीच नाही. जाळे, पट्टा, तेलाचा डाग असलेला तागा आला की आम्ही व्यापारी भाव कापतो. मंदीत तर जास्तच कापतो, कारण त्या दिवसांत घेणाऱ्याला माल निवडायला मिळतो. तेजीत दुय्यम मालही खपून जातो, मंदीत फक्त चांगला माल विकला जातो. म्हणजे मालाची जात सांभाळायचा खर्च नेमका मंदीत करायचा असतो आणि आपण नेमका तेव्हाच तो बंद करतो. मागावर काम करणारा मजूरही मीटरवर पैसे घेतो. माग वारंवार थांबू लागला की त्याची मजुरी पडते, आणि तो गुपचूप शेजारच्या गल्लीतला कारखाना धरतो.

माग उघडून दुरुस्त करायलाही मंदीच बरी. तेजीत एक दिवस माग बंद ठेवला तर ऑर्डर चुकते. मंदीत तसाही तो उभाच असतो.

उधारी हाही खर्चच

मग कात्री लावायची कुठे? माझ्या मते सर्वांत आधी उधारीला. वहीत ती ‘येणे’ म्हणून लिहिली जाते, म्हणून कुणी तिला खर्च समजत नाही. पण सूत उधारीवर घ्यायचे, त्याचा भाव रोखीपेक्षा चढा द्यायचा, आणि कापड नव्वद दिवसांच्या वायद्यावर सोडायचे, यात नफ्याचा केवढा भाग विरघळतो ते कागदावर मांडून पाहावे. समजा सुताचा व्यापारी उशिराबद्दल महिन्याला दीड टक्का लावतो. दोन महिन्यांचे तीन टक्के झाले. त्याऐवजी कापडाच्या गिऱ्हाइकाला दोन टक्के वटाव देऊन पैसे साठ दिवस आधी उचलले आणि सूत रोखीने घेतले, तर शेकडा एक रुपया वाचला. वटाव देताना आपल्या लोकांच्या जिवावर येते, पण हा खर्च करण्याजोगा आहे. ज्यांना ब्याजाचा व्यवहार वर्ज्य आहे त्यांनी फक्त सुताचा रोखीचा भाव आणि उधारीचा भाव शेजारी-शेजारी लिहावा. तो फरक म्हणजेच त्यांची किंमत.

कायदाही आता थोडा आपल्या बाजूला आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराच्या कलम ४३ब(ह) ने त्याला दात आले. मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला ती खरेदी त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच तिची वजावट मिळते. हा लाभ माल बनवणाऱ्याला किंवा सेवा देणाऱ्याला आहे, माझ्यासारख्या निव्वळ व्यापाऱ्याला नाही. त्यासाठी कारखानदाराची ‘उद्यम’ नोंदणी हवी. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, दलालाला पैसे मोजण्याचे कारण नाही. आपल्यात अनेकजण दलालाला हजार रुपये देतात आणि चांगल्या मुनिमाला पाचशे वाढवून देत नाहीत! जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाल्यापासून मुनीम हा कारखान्याचा दुसरा मिस्त्री झाला आहे. वेळेवर भरलेले विवरणपत्र आणि नीट जुळवलेली बिले यांतून जमेचा कर परत मिळतो. तिथे बचत करून काही साधत नाही.

कृत्रिम धाग्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. लाखाच्या धाग्यावर पूर्वी बारा हजार कर आगाऊ अडकत असे, तो पाच हजारांवर आला. हे सात हजार नफा नव्हेत, फक्त मोकळे झालेले भांडवल आहे. ते सुताच्या साठ्यात घालून भाव चढण्याची वाट पाहत बसणे म्हणजे सट्टा. जुनी देणी फेडून रोखीचा भाव मिळवला तर तेच पैसे वर्षातून अनेकदा फिरतील.

नवी मशीन, जुनी माणसे

शेजाऱ्याने रेपियर लावला म्हणून आपणही लावायचा, ही भिवंडीतली जुनी खोड. रेपियर वाईट नाही. साध्या मागापेक्षा वेगाने चालतो, माल साफ निघतो. पण त्याला सूतही चांगले लागते, वीजही न थांबता लागते, आणि हप्ता बाजार पाहून थांबत नाही. मशीन घेण्याआधी तिच्यावर निघणाऱ्या कापडाचा घेणारा कोण, हे नावानिशी सांगता आले पाहिजे. अनुदान मिळेल म्हणून मशीन घेणे तर सर्वांत धोक्याचे. १९९९ साली सुरू झालेली तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना पुढे नव्या नावाने ३१ मार्च २०२२ पर्यंत चालली आणि संपली. योजना येतात-जातात, कर्ज आपल्या नावावर राहते. अनुदान मिळाले नाही तरी मशीन परवडेल का, एवढे विचारावे. परवडत असेल तर मंदीतच घ्यावी, कारण तेव्हा विकणाराही नरमलेला असतो.

माणसांची गोष्ट वेगळी. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीत मजुरी वाटायला रोकड नव्हती आणि माग बंद पडले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत मजूर उत्तर प्रदेश-बिहारकडे पायी निघाले. ज्या कारखानदाराने त्या दिवसांत कारीगराच्या घरी राशन पोहोचवले, गावी गेलेल्याला थोडीबहुत रक्कम पाठवली, त्याचे माग पुन्हा लवकर सुरू झाले. दुसऱ्यांना परतीचे भाडे आणि वर आगाऊ उचल देऊन नवे हात शोधावे लागले. राशनचा खर्च त्यापुढे काहीच नव्हता.

शिलाई, जरी, भरतकाम करणाऱ्या बांधवांचेही असेच आहे. सुईचा, उजेडाचा, मशीनच्या तेलाचा खर्च कधी कमी करू नये. दुकानाचा झगमगता फलक एक हंगाम थांबू शकतो.

आणि घर! गल्ला आणि घराचा खिसा एकच असेल तर वरचा सगळा हिशेब फुकट. मालकाने स्वतःलाही महिन्याचा पगार लावावा आणि मंदीत आधी तो कमी करावा. मुलाच्या लग्नासाठी सुताच्या व्यापाऱ्याचे पैसे थांबवणे हा फजूल खर्चच आहे, मग जेवणावळ साधी असो की शाही. मालकाने स्वतःचा पगार कापल्यावर मजुराला ‘या महिन्यात थोडे सांभाळून घे’ असे सांगता येते आणि तो ऐकतो.

आता हंगामाविषयी. रमजान दर वर्षी १०-११ दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२६ ची ईद मार्चमध्ये, त्यानंतरच्या काही वर्षांत ती हिवाळ्यात शिरते, आणि २०३० साली तर जानेवारीत आणि डिसेंबरात असे दोनदा रमजान लागेल. ईदचा माल आणि लग्नसराईचा माल एकाच वेळी मागितला जाईल, सायझिंगवर बीमची रांग लागेल, शिंप्याकडे हात कमी पडतील. पातळ सुती कापडाऐवजी जाडसर कपडा विचारला जाईल. ज्याला त्या गिऱ्हाइकासाठी मागाची फणी बदलायची आहे किंवा शिकाऊ मुलगा तयार करायचा आहे, त्याने तो खर्च बकरी ईद ते नवरात्र या सुस्त महिन्यांत उरकावा. हंगाम लागल्यावर मिस्त्रीही दुप्पट मागतो आणि मुलगाही शिकत नाही.