कॉम्प्युटरच्या सेटिंगा वहीत उतरवून ठेवा

मैत्रिणींनो, दिवाळीच्या सुट्टीत आपलं राहुरीचं ऑफिस आठ दिवस बंद होतं. मेन स्विचही बंद. सुट्टीनंतर जुना कॉम्प्युटर चालू केला तर काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी आल्या आणि एफ वन दाबा असं सांगायला लागला. लिपिका ताईंनी दाबलं, काम सुरू झालं. पण तारीख पडली होती 1 जानेवारी 2009! कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्या दिवशी आलेले कर्जाचे हप्ते त्याच तारखेने नोंदले गेले. दुपारी बँकेची वेबसाइट उघडेना, तेव्हा नेटला शिव्या दिल्या. वेबसाइटचं प्रमाणपत्र तारखेवर तपासलं जातं, हे नंतर कळलं. एकेक नोंद पावतीशी ताडून दुरुस्त करण्यात दोन दिवस गेले.

दोष एका गोल सेलचा. कॉम्प्युटरच्या आत मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा सेल असतो, नंबर सीआर 2032, तीन व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ तोच चालवतो, आणि जुन्या मशीनमध्ये बायोसच्या सेटिंगाही तोच जपतो. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी जागं होणारं, मशीनला सुरुवात करून देणारं सॉफ्टवेअर. मेन स्विच चालू असला की सेलवर भार पडत नाही. आपण मात्र घरी जाताना सगळं बंद करून जातो, वर लोडशेडिंग आहेच. असा सेल साधारण तीन ते पाच वर्षं टिकतो.

आमचं तारखेवरच भागलं. सेल संपला की बायोस कंपनीच्या मूळ सेटिंगा लावून घेतो. त्यात हार्डडिस्कची सेटिंग बदलली तर निळा पडदा येतो, विंडोज उघडतच नाही. मग ‘विंडोज नव्याने टाकावं लागेल’ असं ऐकायला मिळतं, आणि त्यात प्रिंटर, मराठी फॉन्ट सगळं पुन्हा बसवत बसा. खरं तर एकच सेटिंग पूर्ववत करायची असते.

म्हणून सेल चांगला असतानाच हे करा. कॉम्प्युटर चालू करताच डिलीट किंवा एफ टू बटण दाबत राहा. कोणतं, ते पहिल्या पडद्यावर लिहिलेलं असतं. आत काही बदलू नका. प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, मग सेव्ह न करता बाहेर या. दोन गोष्टी वहीत लिहाच: साटा मोड ‘आयडीई’ आहे की ‘एएचसीआय’, आणि बूट ऑर्डरमध्ये पहिलं नाव कोणतं. बायोसला पासवर्ड असेल तर तो अध्यक्षा ताईंकडे बंद पाकिटात. ही वही कॉम्प्युटरमध्ये टाईप करून ठेवू नका हं, नेमक्या वेळी तीच उघडणार नाही!

सेल बदलताना आधी वायर काढा, हात लोखंडी पेटीला लावा, अधिकची खूण वर ठेवून नवा सेल बसवा. मग वहीत पाहून सेटिंगा भरा, तारीख लावा, एफ टेन दाबून सेव्ह करा. लॅपटॉप मात्र दुकानातच न्या. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकते, तडक दवाखाना गाठावा लागतो.

विंडोजच्या सेटिंगांसाठी महिन्यातून एकदा ‘रिस्टोर पॉइंट’ करता येतो. पण तो त्याच हार्डडिस्कवर राहतो आणि हिशोबाच्या फाइली त्यात येत नाहीत. त्या वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यायच्या.

आपल्या ऑफिसात आता सेल बदलल्याची तारीख कॉम्प्युटरच्या पेटीवर चिकटवली आहे, आणि रोज पहिली पावती फाडायच्या आधी लिपिका ताई पडद्यावरची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघतात.