जळालेले वाडे, उरलेली जोती

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील जुन्या गावांत एखादे ओसाड जोते हमखास दिसते. घडीव काळ्या दगडाचे, कमरेएवढे उंच, वर चढण्यासाठी तीन-चार पायऱ्या. पण पायऱ्या चढून गेल्यावर घर नाही. तेथे बाभळी माजलेल्या असतात, नाहीतर कोणी कडबा रचून ठेवलेला असतो. अशा सगळ्याच जोत्यांचा इतिहास एक नाही. कित्येक घरे निव्वळ भाऊबंदकीत पडली. पण काही जोत्यांशी एकच शब्द जोडलेला आहे, तो म्हणजे 'जळीत'.

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी नथुराम गोडसे महाराष्ट्रीय ब्राह्मण असल्याचे कळताच पुढील काही दिवसांत पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले झाले. सातारा जिल्हा आणि सांगली, मिरज, कोल्हापूर ही संस्थाने यांत होरपळून निघाली. काही ठिकाणी माणसेही मारली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा 'जयप्रभा' स्टुडिओ जळाला. आजचा सांगली जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली 'दक्षिण सातारा' निर्माण झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. व्यंकटेश माडगूळकरांनी 'वावटळ' या कादंबरीत याच दिवसांचे चित्रण केले आहे.

या घटनेची राजकीय आणि सामाजिक चर्चा थोडीफार झाली. घरांची मात्र झाली नाही. जळालेले घर पुन्हा उभे करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न त्या वेळी शेकडो कुटुंबांपुढे होता. त्याचे उत्तर बांधकामाच्या पद्धतीत दडलेले होते.

या भागातील जुने घर खणांत मोजले जाई. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. दगडी तळखड्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यांवर कडीपाट. छताचा भार प्रामुख्याने या सांगाड्यावर असे. भिंती दोन-तीन हात जाडीच्या, खाली दगडाच्या आणि वर भाजलेल्या विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या. महाबळेश्वर, पाटणकडील धुवाधार पावसाच्या पट्ट्यात उतरती कौले किंवा गवताचे छप्पर, तर माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या मुलखात धाब्याचे सपाट माळवद. दीड-दोनशे किलोमीटरच्या अंतरात घराचे डोके असे बदलत जाई, कारण पाऊस बदलत जाई. जाड माती दिवसाचे ऊन हळूहळू आत सोडते, त्यामुळे माणदेशातील माळवदाच्या घरात वैशाखातही दुपारी निवांत पडता येते.

गावच्या भाषेत शेती ती 'काळी' आणि वस्ती ती 'पांढरी'. घर पांढरीच्या मातीतून उठे आणि पडले की त्याच मातीत मिसळे. पुढच्या पिढीचे घर पुन्हा त्याच मातीचे होई. 'शाश्वत वास्तुरचना' हा शब्द अलीकडचा असला तरी व्यवहार फार जुना आहे.

अशा घराला आग लागली की प्रथम लाकूड जाते. कोरडे सागवान, माळ्यावरचा कडबा, परसातल्या गोवऱ्या. ठिणगी पुरेशी असते. दगडी जोते आणि जाड भिंती बऱ्याचदा उभ्या राहतात, पण छप्पर गेलेली मातीची भिंत पहिल्याच पावसाळ्यात विरघळू लागते. जळीत फेब्रुवारीच्या तोंडावर झाले आणि पाऊस जूनमध्ये येणार होता. म्हणजे हाती चार महिने होते. तेवढ्यात ज्यांनी छप्पर घातले त्यांच्या भिंती वाचल्या. ज्यांना ते जमले नाही त्यांचे घर दोनदा गेले, एकदा आगीत आणि एकदा पावसात.

चार महिन्यांत छप्पर घालायला पैसा लागतो आणि माणसे लागतात. सरकारी कर्जे मिळाली. पण माणसे कोण? कडीपाट सुतार बसवणार, दगड वडार फोडणार, चुना गवंडी मळणार, बिजागऱ्या लोहार करणार. गावाशिवाय घर उभे राहू शकत नव्हते, आणि जाळपोळीत बाहेरून आलेल्या जमावाबरोबर कित्येक ठिकाणी गावचीच माणसे होती. त्याच वेळी जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना आपल्या घरात लपवणारीही गावचीच होती. कालपर्यंत ज्याच्याशी बोलणे नव्हते त्याच्या हातात वाशाचे एक टोक देऊन दुसरे आपण धरायचे, अशी ही परीक्षा होती. काहींनी ती दिली. वाड्याच्या चार खणांपैकी दोनच उभारले, पुढच्या सोप्यावर पत्रा घातला आणि ते राहिले. पुष्कळांनी पुणे-मुंबईची वाट धरली, ते फक्त देवाच्या उत्सवाला परत येऊ लागले.

तथापि, वाडे केवळ आगीने संपवले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याच १९४८ साली कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारा कूळ जमिनीचा मालक ठरला. वाड्याची कौले दरवर्षी चाळायची, चौक सारवायचा, तुळई बदलायची, हे सारे खंडाच्या धान्यावर चालत असे. खंड थांबला आणि वाडा सांभाळणे अशक्य झाले. न जळालेले वाडेही म्हणूनच ढासळले.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. वाड्याचा आराखडा हा निव्वळ सोयीचा नव्हता. दिंडी दरवाजा, पडवी, सोपा, माजघर, देवघर अशा एकामागून एक येणाऱ्या उंबऱ्यांवर कोणी कुठवर यायचे हे ठरलेले असे. जोत्याचे दगड ज्याने फोडले तो वडार सोप्यावर चढू शकत नव्हता. महार-मांग तर दाराबाहेरच. 'संस्कृतीत रुजलेली वास्तू' पुन्हा बांधा, असे म्हणताना हे उंबरेही पुन्हा बांधायचे काय, याचे उत्तर द्यावे लागते. माती, चुना, खण यांचे ज्ञान साऱ्या गावाचे होते. आराखडा मालकाचा होता. पहिले जपून दुसरा बदलणे शक्य होते.

प्रत्यक्षात उलटे घडले. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात दगड-मातीची घरे कोसळली, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात तर हजारो माणसे अशाच भिंतींखाली गेली. दगड-माती म्हणजे मृत्यू, हे समीकरण घट्ट झाले. दोष खरा होता, पण तो बांधणीत होता. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर जोडणारे आरपार दगड नसणे आणि वर्षानुवर्षे माती घालून जड झालेले धाबे ही त्याची मुख्य कारणे. लाकडी सांगाडा शाबूत असेल तर भिंत बाहेर पडते आणि छप्पर खांबांवर टिकू शकते. हे बारकावे सांगत कोण बसणार? सिमेंटचा स्लॅब आला. ज्ञान गेले, वस्त्या मात्र जिथल्या तिथे राहिल्या. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाला डिसेंबर २०२० मध्ये घ्यावा लागला, यावरून त्या किती पक्क्या होत्या हे कळते.

बोस्नियातील मोस्तार शहराचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. तेथील सोळाव्या शतकातील दगडी पूल युद्धात ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तोफांनी पाडला गेला. स्थानिक दगड वापरून, जुन्याच पद्धतीने तो पुन्हा बांधून २००४ साली खुला झाला आणि पुढच्याच वर्षी जागतिक वारसा यादीत गेला. पूल देखणा आहे. क्रोएट आणि बोस्नियाक मुलांचे शिक्षण मात्र त्यानंतरही बरीच वर्षे वेगवेगळेच होत राहिले. कच्छमध्ये २००१ च्या भूकंपानंतर वेगळी दिशा दिसली. तेथे भुंग्यांची गोल बांधणी भूकंपात तुलनेने तग धरून राहिली होती. 'हुन्नरशाला' या संस्थेने स्थानिक कारागिरांना हाताशी धरून त्या मातीकामात सुधारणा केल्या आणि घर कसे हवे हे राहणाऱ्यांना ठरवू दिले.

आपल्याकडे २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण घरकुल योजनेत किमान २५ चौरस मीटरचे घर अभिप्रेत आहे. पाटणच्या मुसळधार पावसात आणि जतच्या उन्हात बहुतेक ठिकाणी ते एकाच साच्यातले दिसते. जतच्या स्लॅबखाली मे महिन्यात दुपारी बसवत नाही, म्हणून माणसे झाडाखाली जातात. आरपार दगडांनी बांधलेल्या भिंती, हलके केलेले धाबे आणि सर्वांसाठी एकसारखी मोकळी ओसरी असा नमुना या भागासाठी तयार करणे अवघड नाही. दगड येथेच आहे, मातीही येथेच आहे. चुन्याचे काम जाणणारे गवंडी मात्र आता मुख्यत्वे देवळांच्या आणि किल्ल्यांच्या डागडुजीला लागतात. त्यांच्या हाताखाली शिकायला आलेल्या पोराला गावात घर बांधण्याचे काम मिळाले, तरच तो हा धंदा धरून राहील.